तिऱ्हाइताचा विमा

"तात्यांच्या तेराव्याला मी जेवून गेलोय, प्रल्हादराव. आता त्यांच्याच नावानं पॉलिसी कशी काढून देऊ? उद्या कुणी विचारलं तर काय सांगू, गेलेत हे मला माहीत नव्हतं म्हणून?"

मगदूम असं म्हणाले आणि मी मनात म्हटलं, ह्या माणसाला जेवायला बोलावलंच कशाला. विट्यात विम्याचे आणखी तीन एजंट होते आणि त्यांतल्या एकाचंही आमच्या तात्यांशी काही देणंघेणं नव्हतं. पण वडिलांची, म्हणजे तात्यांची, मारुती पहिल्यापासून मगदुमांकडे, आणि मगदूम अतिशय सरळ माणूस. सरळ माणसाशी गाठ पडली की माझं डोकं फिरतं.

"दोनच महिने झालेत हो," मी म्हटलं. "यंदा चालवून घ्या. पुढच्या वर्षी नाव बदलू."

"शनिवारी मुदत संपते. त्याच्या आत सगळ्या वारसांची संमती नोटरी करून आणा, तुमच्या नावानं करतो. आरटीओतलं कामही त्याच कागदावर पुढं जाईल."

"आणि नाही आणली तर?"

"तर गाडी दारात लावा आणि वर ताडपत्री टाका."

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली, पण तो आठवडा आठवला की माझं कपाळ अजून तापतं. बुधवार होता. सोमवारी आईचं मिरजेला डोळ्याचं ऑपरेशन. मी भाड्याची गाडी ठरवतो म्हटलं, तर आई म्हणाली, "ह्यांची गाडी दारात असताना मी परक्याच्या गाडीत बसू?" विम्याशिवाय गाडी काढायची तर मगदुमांनी मला एका टेंपोवाल्याची गोष्ट ऐकवून ठेवलेली. पॉलिसी संपल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याच्या टेंपोखाली सायकलवाला आला. कोर्टानं भरपाई टेंपोवाल्याच्या डोक्यावर टाकली आणि त्यात त्याचं राहतं घर गेलं. माझ्याकडे जाण्यासारखं एकच होतं. स्टँडमागचं मोटर वाइंडिंगचं दुकान आणि त्याखालची जागा. ते गेलं असतं तर मी, बायको, दोन मुलं आणि आई, सगळेच रस्त्यावर.

तर वारस तीन. आई, मी आणि तासगावला दिलेली माझी थोरली बहीण, मंदाक्का. तहसीलसमोरच्या टायपिस्टकडून मी कागद करून घेतला. सदर वाहन प्रल्हाद याच्या नावे करण्यास आमची कोणतीही हरकत नाही व सदर वाहनावर आम्ही कोणताही हक्क सांगणार नाही, वगैरे. घरी येऊन आईपुढे धरला. आई म्हणाली, "कुठं करू?" मी बोट ठेवलं, तिनं सही केली. कसा पाऊण मिनिटात विषय संपला. मला वाटलं, आता तासगावला जायचं, चहा प्यायचा, सही घ्यायची आणि परत.

गुरुवारी गेलो. आक्का पडवीत परात घेऊन बसली होती. बेदाण्याच्या काड्या निवडायचं काम ती घरी आणायची. मी कागद पुढे केला, पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं.

"काय आहे?"

"तात्यांच्या गाडीच्या विम्याचं. हितं सही कर."

तिनं हात पदराला पुसले, आत जाऊन चष्मा आणला आणि वाचायला लागली. ओठ हलवत, एकेक ओळ. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. माझा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी ही वाचतेच आहे.

"कसला विमा म्हणालास?"

"थर्ड पार्टी. कायद्यानं कमीत कमी लागतो ना, तेवढाच."

"थर्ड पार्टी म्हणजे कोण?"

"तिऱ्हाईत गं. रस्त्यावरचा माणूस. आपल्या गाडीनं कुणाला उडवलं तर त्याची भरपाई कंपनी देते."

"मग पहिली पार्टी कोण? आणि दुसरी?"

आता हे मला काय माहीत! "असतील कुणीतरी. सही करायचीय का माझी परीक्षा घ्यायचीय?"

"चिडतोस कशाला? सोमवारी आई गाडीत बसणार. देव न करो, गाडी कशाला धडकली आणि आईला लागलं, तर आईला मिळतंय का?"

"मिळत असंल."

"असंल म्हणजे तुला माहीत न्हाई. विचारून ये." तिनं कागद घडी घालून माझ्या हातात दिला आणि परात पुढे ओढली.

तासगाव ते विटा मी रागानं गाडी हाणत आलो. तिला काय करायचंय पहिल्या आणि दुसऱ्या पार्टीशी? दहावी झालेली बाई, तिच्या घरात सायकलच्या वर वाहन नाही. एका सहीसाठी माझा दिवस गेला होता आणि दुकानात तीन शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पडून होत्या. त्यांचे फोन वेगळेच.

शुक्रवारी सकाळी मगदुमांच्या दुकानात जाऊन मी ते प्रश्न विचारले. लाज वाटत होती, पण विचारले.

मगदूम खूश झाले. "पहिली पार्टी मालक. दुसरी कंपनी. तिसरी म्हणजे बाहेरची सगळी दुनिया. कायद्याची सक्ती तेवढ्यासाठीच आहे, बाहेरच्या माणसाचं नुकसान होऊ नये म्हणून."

"आणि गाडीत बसलेली घरची माणसं?"

"ह्या कमीत कमीवाल्या पॉलिसीत त्यांना काही नाही."

"काहीच नाही?"

"जादा भरून घेता येतं. पण ते आपण होऊन मागायचं. मागितलं तर मिळतं."

"चालवणारा?"

"मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडं लायसन असेल, तर त्याचं अपघाताचं धरलेलं असतं. म्हणून तर म्हणतो, पॉलिसीवर नाव कुणाचं आहे ह्याला महत्त्व आहे." मग ते हसले. "अठरा वर्षांत तात्यांनी ह्यातलं एक अक्षर विचारलं नाही. कुणीच विचारत नाही. पोलिसाला दाखवण्यापुरतं काढा म्हणतात. तुमच्या बहिणीला एजन्सी घ्यायला सांगा."

मला हसू आलं नाही. दुपारी पुन्हा तासगाव. तीच पडवी, तीच परात. मी उभ्या उभ्याच सगळं पाठ म्हणून दाखवलं.

"म्हणजे बाहेरच्याला मिळतं आणि आईला काही न्हाई," आक्का म्हणाली.

"आईचं मी जादा भरून घेतो. झालं समाधान? कर सही."

"गाडी तुझ्या नावावर करायची हे ठरवलं कुणी?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "त्यात ठरवायचं काय? तू येणारेस विट्याला गाडी चालवायला?"

"मी फक्त विचारते. कुणी ठरवलं?"

"कुणी न्हाई ठरवलं. आपोआप ठरलं."

"आणि नोटरी कुठाय?"

"तू सही कर, शिक्का मी विट्यात मारून घेतो. ओळखीचा आहे."

"माझी सही त्याच्यासमोर झाली म्हणून तो शिक्का मारणार, आणि मी हितं काड्या निवडत बसणार?"

तेव्हा माझा तोल गेला. "आक्का, अठरा वर्षांची जुनी मारुती आहे ती! भंगारवालासुद्धा विचार करून नेईल. तुला तिच्यात वाटा पाहिजे असंल तर तसं सांग सरळ. मागची दोन चाकं काढून देतो, जा घेऊन!"

शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. आक्कानं एक बेदाणा उचलला, काडी मोडली, बेदाणा डब्यात टाकला. मग दुसरा उचलला.

"उद्या ये," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी आलो तर आई खाटेवर बसून माझीच वाट बघत होती. "केली का सही?"

"न्हाई केली. तुझ्या लेकीला वकील व्हायचंय बहुतेक."

"तिला वाचायला वेळ दिलास न्हवं?"

"दोन दिवस दिले की!"

"मग बरं केलंस," आई म्हणाली आणि पडून राहिली. माझी बाजू कुणीच घेत नाही, ह्याचं मला त्या वेळी इतकं वाईट वाटलं की मी जेवलो नाही.

शनिवारी सकाळी दहाला तिसऱ्यांदा तासगाव गाठलं. मी ठरवूनच गेलो होतो की आज आवाज चढवायचा नाही. बायकोनं तसं बजावलंच होतं. आक्कानं त्या दिवशी परात घेतली नव्हती. चांगली साडी नेसून, चष्मा लावून ती तयार बसली होती.

"त्या विमावाल्यांना फोन लाव," ती म्हणाली. "मला बोलायचंय."

लावला. मोठ्यानं ऐकू येईल असा करून मध्ये ठेवला.

"नमस्कार, मी प्रल्हादची बहीण. घरातल्या माणसांचं मागितलं तरच मिळतं म्हणालात म्हणं तुम्ही?"

"हो ताई. मागितलं तरच."

"आणि न्हाई मागितलं तर?"

"तर नाही मिळत. कागदात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं."

"पण मागायचं असतं हे त्या माणसाला सांगतं कोण?"

"एजंटानं सांगायला पाहिजे, ताई. सांगितलं नाही तर तो एजंटाचा दोष."

"बरं. ठेवते." तिनं फोन माझ्याकडे सरकवला. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मला म्हणाली, "आमच्या वेळचा एजंट तू होतास, पल्हाद."

मला लगेच कळलं. न कळल्याचं सोंग मी केलं, ते मात्र जमलं नाही.

जे मी अजून सांगितलं नाही ते आता सांगतो. त्याच्या चार वर्षं आधी, तात्या असताना, माझ्या दुकानाला कर्ज पाहिजे होतं. स्टँडमागची जागा आजोबांची, त्यामुळे तिच्यात आक्काचाही हक्क लागत होता. तात्या निवृत्त तलाठी. कागद कसा करायचा हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. आम्ही आक्काला बोलावून घेतलं आणि रजिस्टर कचेरीत नेलं. कर्जासाठी तुझी सही लागते म्हणालो, नुसता कागद आहे म्हणालो. कर्जासाठी लागत होती हे खरंच होतं. त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र आहे आणि सही केली की तुझं तिथं काही उरत नाही, एवढंच बोललो नव्हतो. नंतर तिला एक पैठणी घेतली. हॉटेलात जेवलो. दाजींनी पुढे कधीतरी सातबारा काढला तेव्हा तिला समजलं असणार. त्यानंतर ती माहेरी मुक्कामाला राहिली नाही. मुलांची शाळा, दाजींची तब्येत, अशी कारणं ती सांगायची आणि मला ती पटायची. तात्यांच्या तेराव्यालासुद्धा ती शेवटच्या एस्टीनं परत गेली होती.

"कचेरीतला तो फोटो काढणारा माणूस म्हणत होता, ताई वाचून घ्या," आक्का म्हणाली. "चांगला होता बिचारा. पण तात्या खाली गाडी चालू ठेवून बसलेले. खिडकीतनं मला आवाज येत होता. मला वाटलं, आपल्यापायी उगं पेट्रोल जळतंय. म्हणून मी न वाचता सह्या केल्या. आठ ठिकाणी."

मी खाली बघत होतो. फरशीवर एक बेदाणा पडला होता.

"मला विचारलं असतं तर मी ती जागा दिली असती का, मला माहीत न्हाई," ती म्हणाली. "कदाचित नसती दिली. मलाही दोन पोरं हायत. पण दे म्हणायचं का नको म्हणायचं, ते माझं मला ठरवता आलं असतं."

"आक्का..."

"काय?"

मला चुकलो म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठावर होता. आणि मी काय म्हणालो, तर "अकरा वाजत आले, नोटरी शनिवारी लवकर घरी जातो." आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आक्का हसली. खरंच हसली. "तू काय बदलणार न्हाईस. दे ते पेन."

तिनं कागद गुडघ्यावर घेतला, माझं नाव सरळ रेघ मारून खोडलं आणि त्याच्यावर सावकाश अक्षरात आईचं नाव लिहिलं. पुढं 'आम्ही' होतं तिथं आम्हा दोघा भावंडांची नावं लिहिली. खाडाखोडीच्या बाजूला छोटी सही केली आणि कागद माझ्यापुढे धरला. "तू पण कर. नीट वाचून कर."

"आईच्या नावावर?" मी म्हटलं. "अगं, आईकडं लायसन न्हाई. मग चालवणाऱ्याचं काही धरत न्हाईत. म्हणजे गाडी मी चालवायची, पेट्रोल मी टाकायचं, दुरुस्ती मी करायची, आणि मलाच काही झालं तर कागदावर माझं काही न्हाई?"

"न्हाई."

"रस्त्यावरच्या माणसाला मिळणार आणि मला न्हाई?"

"मागून घे की," आक्का म्हणाली. "मागितलं तर मिळतं म्हणाले ना ते. गाडी आईची हाय. आईकडं माग."

तासगावच्या नोटरीकडे ती स्वतः आली. त्याच्यासमोर सही केली, त्याच्या वहीत केली आणि वहीतलं तेवढं वाक्यही वाचून घेतलं. माझी सही झाल्यावर मी तिथं बाकावर बसून होतो. राग कुठं काढावा हे समजत नव्हतं, कारण ती कुठंच चुकत नव्हती. परत सोडायला गेलो तेव्हा तिनं विचारलं, "सोमवारी किती वाजता निघायचं?" मी म्हटलं, "सातला." ती म्हणाली, "मग मी उद्याच येते." मी मान हलवली.

विट्यात पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मगदूम पाचला दुकान बंद करायचे. आईची खाडाखोडीजवळ एक सही राहिली होती. मी तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसलो आणि जन्मात पहिल्यांदा तिला एक आख्खा कागद वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती. तिचं नाव आलं तेव्हा तिनं डोळे उघडले.

"माझ्या नावावर? हे कुणी केलं?"

"आक्कानं."

"का?"

मग का ते सांगावं लागलं. रजिस्टर कचेरीपासून सांगितलं. आई त्या दिवशी आमच्याबरोबर नव्हती, पण तिला सगळं ठाऊक होतं हे मला ठाऊक होतं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "मी त्या वेळी तोंड उघडायला पाहिजे होतं. ह्यांच्यापुढं न्हाई उघडलं."

मी घड्याळाकडे बघितलं. चार वाजत आले होते. "आई, एक विचारायचं होतं."

"विचार."

"गाडी तुझी झाली, तर मी चालवणार त्याचं विम्यात वेगळं धरावं लागतं. जादा भरून. धरू का?"

त्रेचाळीस वर्षांचा होतो मी. तात्या गेल्यावर त्या घरात कुठलीही गोष्ट मी कुणाला विचारून केली नव्हती. विचारताना माझा आवाज दहावीच्या पोरासारखा निघाला.

आईनं पेन हातात घेतलं. बुधवारी 'कुठं करू' म्हणाली होती तशी आता म्हणेल असं मला वाटलं.

"आक्काला विचारलंस?"

"काय?"

"हेच. तुझं धरायचं का ते."

"आई, ती आत्ताच तर म्हणाली, आईकडं माग. आणि मगदूम पाचला जातात गं..."

"मग लवकर विचार."

मी फोन लावला. आक्का काय ते नीट समजावून घेऊन 'हो' म्हणेपर्यंत आईनं पेनाचं टोपण काढलं नाही.